लॉर्ड शाफ्ट्सबरी : त्यांचे बाळपण व त्यांचे घर

गिरण्यांत, खाणींत व धुराड्यांत राबणाऱ्या मुलांचा कैवारी म्हणून लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे नाव आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनींनी ऐकले असेल. त्यांनी पार्लमेंटात करून घेतलेले कायदे, त्यांच्या शाळा, त्यांच्या सभा यांविषयी वारंवार लिहिण्यात येते. परंतु हा मनुष्य स्वतः कसल्या घरात वाढला, आणि पुढे नवरा व बाप या नात्याने कसा वागला, याविषयी फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात कायद्यांची हकीकत थोडी व घरची हकीकत अधिक दिली आहे. लहानपणी मार, उपास व धाक सोसलेली माणसे आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत आहेत. ती आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि आपल्या मुलांवर हात उगारताना आपलाच बाप आपल्या अंगात आला की काय, अशी धास्ती त्यांपैकी कित्येकांना वाटते. त्यांनी ही हकीकत विशेष लक्ष देऊन वाचावी.

अँथनी अॅशले कूपर यांचा जन्म इसवी सन १८०१ च्या एप्रिल महिन्याच्या २८ व्या तारखेस लंडन शहरी झाला. घराणे मोठ्या सरदारांचे. 'अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी' हा त्या घराण्याचा किताब असून तो बापाकडून थोरल्या मुलाकडे जात असे. अँथनीच्या वडिलांस तो १८११ मध्ये आपल्या भावाच्या पश्चात मिळाला. आई मार्लबरोच्या ड्यूकची कन्या. ब्लेनहेमचा प्रसिद्ध वाडा हे तिचे माहेर. घरात चाकरमाणसे होती, गाड्याघोडे होते, डॉर्सेट परगण्यात सेंट जाइल्स येथे वडिलोपार्जित वाडा व जमीनजुमला होता. अशा घरातील मुलगा दिवसचे दिवस पोटभर अन्नावाचून राही, आणि रात्री पांघरूण अपुरे पडल्यामुळे थंडीने कुडकुडत जागा राही, हे ऐकून आश्चर्य वाटते. आपल्या इकडे उपास म्हटला म्हणजे दारिद्र्य डोळ्यांपुढे येते. दुष्काळात आईबाप स्वतः उपाशी राहून मुलांच्या तोंडी घास घालतात, तेव्हा त्या उपासाने मुलाचे शरीर सुकले तरी मन सुकत नाही. या घरचा उपास निराळा होता. कोठार भरलेले असून मुले उपाशी होती, कारण त्यांची आठवण कोणास होत नसे.

वडील सरदारांच्या सभेच्या कामकाजात गढलेले असत. स्वभाव करडा, बोलणे तोडून टाकणारे, शिक्षा करण्यास हात तत्पर. आई मेजवान्या व भेटीगाठी यांत रमलेली. अँथनीस थोरल्या बहिणी होत्या व त्याच्या पाठीवर आणखी भावंडे झाली. ही सर्व मुले आईबापांच्या पावलांचा आवाज ऐकताच दबकत असत. म्हातारपणी लॉर्ड शाफ्ट्सबरींनी आपले चरित्रकार एडविन हॉडर यांस या गोष्टी सांगितल्या तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते, तरी ती भूक व ती थंडी त्यांच्या आठवणीतून गेली नव्हती.

त्या घरात मरिया मिलिस नावाची एक बाई होती. पूर्वी ब्लेनहेम येथे ती अँथनीच्या आईच्या तैनातीस असे, आणि लग्नानंतर बाईसाहेबांबरोबर येऊन या घरची व्यवस्था पाहू लागली होती. ती देवाचे भय बाळगणारी, साधी व प्रेमळ होती. या मुलाकडे कोणी पाहत नाही हे तिच्या ध्यानात आले. ती त्यास मांडीवर घेई, पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगे, प्रभूच्या जन्माची व मरणाची हकीकत त्याला समजेल अशा शब्दांत सांगे. तिने त्यास एक लहानशी प्रार्थना शिकविली. तिने शिकविलेले शब्द लॉर्ड शाफ्ट्सबरी म्हातारपणीदेखील, विशेषतः दुखण्याने अंथरुणास खिळले असता, उच्चारीत असत.

तिने काय केले व काय केले नाही, हे नीट पाहिले पाहिजे. आईबापांचे मन वळविण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. घरची रीत तिने बदलली नाही, आणि मुलाची तेथून सुटकाही तिच्याने झाली नाही. तिने इतकेच केले की, या जगात आपण कोणाला तरी हवे आहोत असे त्या मुलास वाटेल, अशी जागा आपल्या मांडीवर करून दिली. सायंकाळी वस्तीतील मुलांस जमवून गोष्टी सांगणाऱ्या आपल्या बायबल बाया पुष्कळदा म्हणतात की, आमच्या हातून काय होते, मुले घरी गेली म्हणजे पुन्हा तोच दारुडा बाप व तीच मारहाण. त्यांनी मरिया मिलिसची आठवण ठेवावी.

अँथनी सात वर्षांचा झाला तेव्हा त्यास चिझिक येथील मॅनर हाउस नावाच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे सरदार-श्रीमंतांचीच मुले होती, पण जागा घाणेरडी, देखरेख मुळीच नाही, आणि मोठी मुले लहानांचा अनन्वित छळ करीत. त्या शाळेचा विचार मनात आला तरी अंगावर काटा उभा राहतो, असे ते पुढे सांगत. तेथे शिकलेली एकच गोष्ट उपयोगी पडली असे ते म्हणत, ती ही की, जुलूम व क्रौर्य यांचा तिटकारा त्यांच्या मनात तेव्हापासून बसला. सुट्टी लागली म्हणजे इतर मुलांस आनंद होई. या मुलास शाळेत घरचे भय व घरी शाळेचे भय. अशातच मरिया मिलिस वारली. तिने मृत्युपत्रात आपले सोन्याचे घड्याळ या मुलास ठेविले होते. लॉर्ड शाफ्ट्सबरींनी जन्मभर दुसरे घड्याळ वापरले नाही. ते खिशातून काढून लोकांस दाखवीत व सांगत की, हे मला या जगात लाभलेल्या सर्वांत चांगल्या स्नेह्याने दिले आहे.

१८१३ मध्ये त्यास हॅरोच्या शाळेत घालण्यात आले. तेथील दिवस त्यामानाने बरे गेले. चौदा-पंधरा वर्षांचा असता हॅरोच्या टेकडीवरून उतरताना त्याच्या कानी आरडाओरड व गाणी आली. पाहतो तो चार-पाच दारू प्यालेले लोक एका गरिबाचे प्रेत वाहून नेत होते. वळणावर त्यांच्या हातून पेटी निसटून खाली पडली, आणि ते शिव्या देऊ लागले. मृताच्या मागून चालणारे सोयरेधायरे कोणी नव्हते. त्या मुलाने तेथेच उभे राहून निश्चय केला की, ज्यास कोणी नाही अशाचा पक्ष मी जन्मभर घेईन. मुले रस्त्यात पुष्कळ गोष्टी पाहतात व विसरतात. ही गोष्ट त्याच्या मनात राहिली, कारण आपल्यामागे कोणी नाही म्हणजे काय, हे तो आधीच जाणून होता.

पुढे डार्बीशायरमध्ये एका पाळकाच्या घरी दोन वर्षे, मग ऑक्सफर्ड, तेथे १८२२ मध्ये पहिल्या वर्गाचा मान, आणि १८२६ मध्ये पार्लमेंटात जागा, असा त्यांचा मार्ग झाला. बाप हयात असेतोवर त्यांस लॉर्ड अॅशले म्हणत. दिसण्यात उंच, रुबाबदार. विद्या, कूळ, वक्तृत्व सर्व काही होते. परंतु त्यांची रोजनिशी वाचली असता तिच्यात निराळाच मनुष्य दिसतो. मी कोणत्याच कामाचा नाही, माझ्याविषयी लोक काय बोलत असतील, अमक्याने मला मुद्दाम टाळले, तमका मित्र फिरला, असे विचार पानोपानी आढळतात. लहानसा अपमान त्यांच्या जिव्हारी लागे. स्तुती ऐकली की दुसऱ्या दिवशी ती खोटी वाटे. काही दिवस कामाचा झपाटा, तर काही दिवस काळ्या ढगासारखी खिन्नता, अशी अवस्था त्यांच्या मरणापर्यंत राहिली. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत, आणि ते उडाले म्हणजे सर्वांनी मला टाकले असे त्यांस वाटे.

आजच्या काळी बालमनाचा अभ्यास करणारे विद्वान सांगतात की, ज्या मुलास पहिल्या वर्षांत जवळच्या माणसांकडून धाक व उपेक्षा मिळते, त्याचे मन सदा पहाऱ्यावर बसते. मोठेपणी कोणी प्रेम केले तरी ते टिकेल असा भरवसा त्यास येत नाही. तो एक तर लोकांपासून दूर राहतो, नाहीतर त्यांच्या तोंडाकडे सारखा पाहत राहतो. अशांपैकी काही जण पुढे आपल्या लेकरांसही तसेच वागवितात. परंतु बहुतेक तसे करीत नाहीत, हेही तेच विद्वान सांगतात. आणि जे करीत नाहीत त्यांच्या बाळपणात पुष्कळदा निदान एक मायेचे माणूस आढळते, किंवा पुढे विश्वासू जोडीदार मिळालेला असतो, असेही त्यांचे सांगणे आहे. लॉर्ड अॅशले यांस ही दोन्ही देणगी मिळाली.

१८३० च्या जून महिन्याच्या १० व्या तारखेस त्यांचा विवाह लेडी एमिली कूपर इच्याशी झाला. घरात तिला मिनी म्हणत. तिचे आडनाव यांच्यासारखेच ऐकू येत असले तरी ती घराणी वेगळी होत. हा जोडा जमेल असे थोड्यांनाच वाटले असेल. तिच्या माहेरी हसणेखिदळणे, नाचगाणे, मोकळी बोलणी. धर्माच्या बाबतीत ती मंडळी ढिली. पक्षही विरुद्ध. इकडे लॉर्ड अॅशले कडक सुवार्तिक मताचे, गंभीर, विनोदाचे वावडे. लग्नापूर्वी स्वतःच्या स्वभावाविषयी त्यांच्या मनात पुष्कळ शंका होत्या. परंतु त्या घरात मुलांस कोणी भीत ठेवीत नसे, आणि मोठी माणसे एकमेकांवर प्रेम करतात हे लपवीत नसत. तिशीच्या उंबरठ्यावर या गृहस्थास प्रथमच घर म्हणजे काय ते दिसले. सासूबाई, ज्या वैधव्यानंतर १८३९ मध्ये लॉर्ड पामर्स्टन यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, त्या जावयावर माया करीत. आणि पामर्स्टन व हे यांचे राजकारणात जमत नसताही घरी चांगले जमले.

मिनीबाईंनी नवऱ्याच्या खिन्नतेस कधी हिणविले नाही व तिच्यापुढे हातही टेकले नाहीत. ते मुकाट बसले असता त्यांस बोलते करावे, सभेत मार खाऊन आले असता धीर द्यावा, दुसऱ्यांविषयी फाजील संशय घेऊ लागले असता हसून तो दूर करावा, असा तिचा क्रम असे. बेचाळीस वर्षांचा त्यांचा संसार झाला. रोजनिशीत सर्व जगाविषयी तक्रार आहे, तिच्याविषयी नाही.

त्यांस दहा मुले झाली, सहा मुलगे व चार मुली. आपण लहानपणी जे भोगले त्याच्या नेमके उलट करावयाचे, असा लॉर्ड अॅशले यांचा निर्धार दिसतो. मुलांस ते जवळ घेत, त्यांच्याशी खेळत, आणि मरियाने त्यांस शिकविले तसे प्रार्थना करावयास स्वतः शिकवीत. घरात पैशाची ओढ असे, कारण बापाकडून मिळणारी नेमणूक तुटपुंजी होती. आणि १८४१ मध्ये मुख्य प्रधान पील यांनी राजवाड्यातील हुद्दा देऊ केला तोही गिरणीकामगारांच्या कायद्यास आडकाठी होईल म्हणून त्यांनी नाकारला. तरी मुलांच्या खोलीत ऊब व अन्न यांची वाण पडू दिली नाही.

आता बापाची गोष्ट. चौथ्या नव्हे, पाचव्या आज्ञेचा प्रश्न आपल्या मंडळ्यांत फार कठीण होऊन बसतो : ज्या बापाने बापपण केले नाही त्याचा मान कसा राखावयाचा? या बाबतीत लॉर्ड अॅशले यांचे आचरण सरळ रेषेत गेले नाही, आणि चरित्रकाराने ते तसे दाखविले तर ते खोटे होईल. वृद्ध अर्लने त्यांस कित्येक वर्षे सेंट जाइल्सच्या वाड्यात पाऊल ठेवू दिले नाही. नातवंडांसही आजोबांचे घर ठाऊक नव्हते. पुढे १८३९ च्या सुमारास काहीसा समेट झाला. लॉर्ड अॅशले मुलाबाळांसह तेथे जाऊ लागले, आणि बाप दोन शब्द बरे बोलला की लहान मुलासारखे त्यांस समाधान वाटे. चाळिशी आली तरी तो मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहतच होता. मग १८४३ मध्ये निराळीच अडचण आली. गिरणीमालक विचारू लागले की, आमच्या कामगारांचे अश्रू पुसावयास येता, पण तुमच्या डॉर्सेटातील शेतमजुरांची दशा काय आहे? ती दशा खरोखरच वाईट होती, आणि ज्यांच्या जमिनीवर ती होती त्यांत त्यांचा बाप होता. लॉर्ड अॅशले यांनी त्याच परगण्यातील एका सभेत जमीनदारांसमोर मजुरांच्या हलाखीविषयी स्पष्ट भाषण केले. बाप संतापला. पुन्हा दुरावा आला. सत्य बोलण्याने बापाचा अपमान झाला की न बोलण्याने झाला असता, याचा निवाडा वाचकांनीच करावा. आमच्या मते बोलले हेच योग्य. १८५१ च्या जून महिन्यात वृद्ध अर्ल वारले, तेव्हा हा मुलगा त्यांच्या अंथरुणाजवळ होता. पन्नासाव्या वर्षी लॉर्ड अॅशले हे लॉर्ड शाफ्ट्सबरी झाले. मजुरांच्या झोपड्या पाहून त्यांस लाज वाटली. कर्ज काढून त्यांनी नव्या बांधण्यास आरंभ केला. ते काम वर्षानुवर्षे रखडले, आणि ज्या कारभाऱ्यावर भरवसा ठेविला त्याच्याशीच पुढे कज्जेदलाली होऊन पुष्कळ पैसा बुडाला. परक्यावर संशय घेणारा मनुष्य कधी कधी नको तेथे आंधळा विश्वास टाकतो, त्याचे हे एक उदाहरण.

त्यांची सार्वजनिक कामे येथे थोडक्यातच सांगतो. १८२७ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करणाऱ्या समितीत ते बसले. तेथे शनिवारच्या रात्रीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत पेंढ्यावर उघडे साखळ्यांनी जखडून ठेविलेले रोगी होते, हे बाहेर आले. यापुढे वेड्यांची काळजी हे त्यांचे काम झाले, आणि १८४५ मध्ये त्यासाठी जे सरकारी मंडळ नेमले त्याचे अध्यक्षपद त्यांनी मरेतोवर, चाळीस वर्षे, चालविले. १८३३ च्या कायद्याने, रेशमाच्या गिरण्या वगळून, कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस घेण्याची बंदी झाली व पाहणीस निरीक्षक नेमले गेले. त्यासाठी लॉर्ड अॅशले झगडले, पण त्यांस जे हवे होते ते दहा तासांचे बंधन १८४७ मध्ये मिळाले, आणि तेव्हा ते स्वतः पार्लमेंटाबाहेर होते. १८४२ च्या कायद्याने स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस कोळशाच्या खाणींत उतरविण्याची मनाई झाली. पाच-सहा वर्षांची मुले खाणीत काळोखात एकटी बसून हवेची दारे उघडीत व मिटीत, हे त्या वेळच्या अहवालात चित्रांसह छापले होते. धुराड्यांत चढविल्या जाणाऱ्या मुलांविषयीचा कायदा तर १८४० पासून तीनदा करावा लागला, तेव्हा कोठे १८७५ मध्ये ती चाल बंद पडली. चिंध्या पांघरून रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी ज्या फुकट शाळा निघाल्या, त्यांच्या १८४४ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे ते जन्मभर अध्यक्ष होते. या सर्व ठिकाणी ते स्वतः जात, पाहत, मुलांशी बोलत. वेड्यांच्या कोठडीत, खाणीच्या तोंडाशी, रात्रीच्या निवाऱ्यात गेले असता, भुकेल्या व कुडकुडणाऱ्या मुलास काय विचारावे हे त्यांस कोणी शिकवावे लागत नसे.

त्या वेळच्या मुंबई इलाख्याशीही त्यांचा संबंध आला. तरुणपणी, १८२८ मध्ये, हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या विलायतेतील मंडळात त्यांची नेमणूक झाली होती. पुढे मुंबईत कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेथे लहान मुलांकडून दिवसभर काम घेतात अशी माहिती विलायतेस पोहोचली, तेव्हा १८७५ मध्ये त्यांनी सरदारांच्या सभेत तो प्रश्न काढला, व १८७९ मध्ये पुन्हा काढला. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीही याच कामी खटपट चालविली होती. १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला गिरणी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाचे नऊ तास ही मर्यादा घातली. मुंबईच्या गिरण्यांची चढाओढ लँकेशायरच्या मालकांस नको होती, आणि म्हणून त्यांसही हा कायदा हवा होता, ही गोष्ट खरी आहे. पण सात वर्षांच्या पोराच्या दृष्टीने पाहता, आपली सुटका कोणाच्या हेतूने झाली याला फारसे महत्त्व नाही.

आता पुन्हा त्यांच्या घरात येऊ. बाप म्हणून लॉर्ड शाफ्ट्सबरी प्रेमळ होते, असे वर लिहिले आहे. तेवढ्यावर थांबलो असतो तर वाचकांची फसवणूक झाली असती. दुखावलेल्या मनाने प्रेम केले तर त्या प्रेमातही भीती मिसळते. मुलांचे काय होईल, ती वाईट संगतीस लागतील काय, देवापासून दूर जातील काय, ही चिंता त्यांस सदा जाळीत असे. पार्लमेंटाच्या बैठकी रात्री उशिरापर्यंत चालत, त्यामुळे घरचा भार पुष्कळसा मिनीबाईंवर पडे, आणि आपण मुलांस पुरेसा वेळ दिला नाही याचाही काटा त्यांस टोचे. मॉरिस नावाच्या मुलास फेफऱ्याचा आजार होता; तो १८५५ मध्ये स्वित्झर्लंडातील लोझान येथे वारला. फ्रान्सिस हा त्यांचा अत्यंत लाडका. त्यास त्यांनी स्वतःच्याच हॅरोच्या शाळेत घातले. १८४९ मध्ये तो सोळा वर्षांचा असता तेथे आजारी पडला. बाप त्याच्या उशाशी बसून शास्त्र वाची व त्याजबरोबर प्रार्थना करी. मरणापूर्वी त्या मुलाने, आपणास देवाच्या भयात वाढविल्याबद्दल बापाचे आभार मानले. आपल्या बापाकडून जो शब्द या गृहस्थास कधी मिळाला नाही, तो मुलाकडून मिळाला, आणि तोही अशा वेळी.

थोरला मुलगा अँथनी, बापाचे नाव व पुढे किताब चालविणारा, त्याची हकीकत अधिक कठीण आहे. त्याच्याविषयी बापाच्या आशा फार मोठ्या होत्या : त्याने धार्मिक व्हावे, विद्वान व्हावे, गरिबांचे काम पुढे चालवावे. मुलगा गोड स्वभावाचा, पण आळशी व खर्चिक निघाला. रग्बीच्या शाळेत त्याचे लक्ष लागेना, तेव्हा त्यास आरमारात धाडण्यात आले. पुढे त्याने कर्जे केली, आणि त्यांचा भार आधीच ओझ्याखाली असलेल्या बापावर आला. लॉर्ड शाफ्ट्सबरींनी आपल्या बापाप्रमाणे दार लावून घेतले नाही. पण रोजनिशीत निराशा लिहिली, आणि ज्या घरात बापाची निराशा सर्वांस दिसते त्या घरात मुलास ती ऐकावी लागत नाही, तो ती श्वासाबरोबर घेतो. मार व उपास यांची साखळी त्यांनी तोडली हे निश्चित. परंतु खिन्नतेचा जो वारसा त्यांजकडे होता, तो त्यांच्या हातून पूर्णपणे अडविला गेला असे म्हणता येत नाही. तो कितपत बाळपणातून आला व कितपत रक्तातून, हे आज कोणीही सांगू शकणार नाही.

१८७२ च्या ऑक्टोबर महिन्यात मिनीबाई वारल्या. त्या वर्षी डिसेंबरात त्यांची कन्या कॉन्स्टन्स, जी पुष्कळ दिवस क्षयाने आजारी होती, तीही फ्रान्स देशी मेंटन येथे वारली. म्हातारा एकटा पडला. यानंतरच्या तेरा वर्षांत मुलींनी त्यांची सेवा केली. लंडनचे फेरीवाले, धुराडी साफ करणारे, फुले विकणाऱ्या मुली यांच्या सभांस ते ऐंशीव्या वर्षीही जात. फेरीवाल्यांनी त्यांस एक गाढव भेट दिले होते, आणि अमीर-उमरावांच्या मानपत्रांपेक्षा ते त्यांस अधिक आवडे.

१८८५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १ ल्या तारखेस फोकस्टन येथे त्यांनी देह ठेविला. वेस्टमिन्स्टर अॅबीत, जेथे राष्ट्रातील थोर पुरुष पुरले जातात, तेथे जागा देऊ केली होती. पण सेंट जाइल्सच्या गावदेवळात आपल्या माणसांजवळ पुरावे अशी त्यांची इच्छा असल्यामुळे अॅबीत केवळ उपासना झाली. बाहेर रस्त्यावर पाऊस असताही गरीब लोकांची गर्दी होती. मग ज्या वाड्यात बाळपणी त्यांनी थंडी सोसली होती व ज्याचे दार पुढे त्यांस वर्षानुवर्षे बंद होते, त्याच्या शेजारील देवळात त्यांस ठेवण्यात आले.

किताब थोरल्या मुलाकडे गेला. तो सहा महिनेच त्याच्याकडे राहिला. १८८६ च्या एप्रिल महिन्याच्या १३ व्या तारखेस लंडनच्या रीजंट रस्त्यावर, भाड्याच्या बग्गीत बसला असता, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच वर्षी हॉडर यांनी लिहिलेले वडिलांचे तीन खंडांचे चरित्र छापून प्रसिद्ध झाले. त्यात सरदारांची, प्रधानांची व बिशपांची नावे पुष्कळ आहेत. मरिया मिलिस हिचे नाव आरंभीच येते.